आहेराचं कोणी शिवतं का?

कापडाच्या काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न नीट विचारता आला पाहिजे. पन्हा, पोत, रंग हे सगळं नंतर. मला तो प्रश्न गुप्ताजींनी पहिल्याच दिवशी शिकवला. "बिटिया, गाहक आया कि पहले पूछो, पहनना है कि देना है? उसके बाद ही हाथ उठाओ."

गुप्ताजी आमच्या भांडारातले सगळ्यांत जुने विक्रेते. भिलाईच्या सेक्टर सहाच्या बाजारातलं हे भांडार पोलाद कारखान्यातल्या लोकांसाठी काढलेलं. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला कापड. मला तिथे नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. माझे वडील रेल्वेत गार्ड, घर जवळच चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. पण त्यांची बदली नागपूरला होती तेव्हा मी तिथल्या मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. रशियन इंजिनिअरांच्या बायका कापड घ्यायला येतात, तर त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं, असं मॅनेजरसाहेबांच्या मनात होतं. पहिली रशियन बाई समोर आली तेव्हा मी शाळेत घोकलेलं सगळं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. ती घाबरून गुप्ताजींकडे वळली आणि म्हणाली, "भैया, सूती दिखाओ. पक्का रंग." तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पुढे माझं इंग्रजी फक्त गाठींवरच्या मिलच्या चिठ्ठ्या वाचायला उपयोगी पडलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बोलण्यापेक्षा घड्या घालणं मला जास्त जमत होतं, आणि घड्या घालणाऱ्या मुलीकडे कोणी फारसं बघत नाही. तिला मात्र सगळं दिसतं.

तर, घालायचं की द्यायचं. ज्यांनी कापड कधी विकलं नाही त्यांना हा फरक काय कळणार, असं मला आधी वाटायचं. पण बायकांना तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. द्यायचं कापड म्हणजे ओटीचा खण, वाणाचा, बारशाचा, लग्नातल्या आहेराचा तुकडा. त्याचा ताग्यातला थाट मोठा असतो. भरपूर खळ, वर इस्त्रीची चकाकी, रंग लांबून डोळ्यांत भरणारा. हातात घेतलं तर कागदासारखं वाजतं. ते एकदा धुतलं की खळ निघून जाते आणि हातात उरते चाळणी. पण ते धुवायची वेळ येतच नाही, कारण ते कोणी शिवत नाही. आलेला खण पेटीत जातो आणि पुढच्या कार्याला पेटीतून निघून दुसऱ्या पेटीत जातो. पोलक्याला पुरेल एवढा तो असतो की नाही, हेही कोणी मोजून पाहत नाही.

एकदा एका बाईंनी पिशवीतला खण काढून काउंटरवर माझ्यासमोर आपटला. "हा बघ, माझाच! मीच संक्रांतीला वाटला होता. कोपऱ्याला शाईचा ठिपका आहे, तो माझ्या धाकट्याने पाडलेला. फिरून फिरून माझ्याच ओटीत आला." त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. पण त्या हसत होत्या. "बरं झालं, उद्या बारसंच आहे," असं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला, आणि भांडारातून नुसता साबण घेऊन गेल्या.

मला हे सगळं दुकानात कळलं, घरी नाही. आमच्या घरात ही रीतच उरली नव्हती. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यापासून माझ्या आईने आणि मावशीने ओटी, वाण, हळदीकुंकू सगळं सोडून दिलं. खण येणं नाही, जाणं नाही. आमच्याकडे कापड यायचं ते घालायलाच यायचं, आणि विरेपर्यंत घातलं जायचं. विरलं की पायपुसणं व्हायचं. काउंटरवर उभी राहून मी मात्र वेगळीच सवय लावून घेतली. तागा संपत आला की शेवटी जो तुकडा उरतो तो आधी नोकरांना मिळतो. मी तो घेत सुटले. हिरव्या ठिपक्यांचा, जांभळ्या रेघांचा, अर्ध्या बाहीला पुरणारा, कशालाच न पुरणारा. शाळेत वर्षानुवर्षं गणवेशाशिवाय काही अंगावर चढलं नव्हतं, त्याचा हा सूड असेल. पेटी भरली. घालायला मात्र तीच दोन पातळं आणि तीच पोलकी.

वारांचं मीटर झालं तेव्हाची गंमत सांगायला हवी. कारखान्यातले पुरुष रशियन नकाशे वाचून मीटरला केव्हाच सरावले होते, पण बायका आणि शिंपी वारातच विचार करायचे. "पाच दे" म्हटलं की आम्ही पाच मीटर फाडायचो आणि घरी गेल्यावर कापड वाढायचं. एक म्हातारी ते वाढलेलं कापड घेऊन परत आली. "बाई, तू मले जास्त देल्लं वो. तुह्या पगारातून कापतीन." मी मीटर समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "ते ठीक हाय. पन मले जेवढं लागते तेवढंच मी मागतलं होतं नं?" गुप्ताजी पट्टी उचलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता जे सांगायला मी हे लिहायला घेतलं ते सांगते.

नोकरी लागल्यापासून मी सेक्टर सहामध्ये मावशीकडे राहत होते. सुट्टीला तेवढी चरोद्याला जायचे. मावशीचे यजमान कारखान्यात फिटर. शेजारच्या क्वार्टरमध्ये हटवार राहायचे, भंडाऱ्याकडचे शेतकरी, तेही कारखान्यातच. हटवारकाकू आणि मावशी यांच्या क्वार्टरांच्या मागे कपडे वाळत घालायला एकच तार होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधे गाठ मारून ठेवली होती, पण ती गाठ कोणी पाळत नव्हतं. वाऱ्यावर कारखान्याकडून तांबूस धूळ आली की जी घरात असेल ती दोन्ही घरांचे कपडे काढायची. भिलाईत नवीन राहायला आलेल्या बायकांना बहीणभाऊ, सासरमाहेर सगळं दूर. दोघींची मैत्री त्या तारेवरच जमली. मावशीला ती मैत्री जपायची होती. गावात असताना हटवारांसारख्या घराच्या ओट्यावरही तिला चढता आलं नसतं, हे ती कधी बोलली नाही. पण काकू तिच्या स्वयंपाकघरात येऊन पिढ्यावर, बुटक्या पाटावर, बसल्या की मावशीच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलं आहे.

मावसबहीण विमलचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, रेल्वेतला. लग्नाच्या आधी काकू भांडारात आल्या.

"काय वो सुमन, आहेराचं दाखव बरं. आपल्या इमलचं लगन हाय नं."

मी आहेराचा गठ्ठा पुढे केला. काकूंनी वरचाच लाल तागा ओढला. "लालच दे. लग्नात लाल बरं दिसते."

मी मोजलं, कडेला चिमटा दिला आणि टर्रकन फाडलं. त्याच ताग्यातून काकूंनी काही दिवसांपूर्वी आपल्या सख्ख्या नणंदेसाठी कापड नेलं होतं. त्यात खटकण्यासारखं मला काही दिसलं नाही. काकू जसं सगळ्यांना देतात तसंच विमलला देत होत्या.

विमल पांढऱ्या पातळात उभी राहिली, वंदना झाली, लग्न लागलं. आमच्यात ओटी नसली तरी शेजारपाजारच्या बायका हात हलवत कशा येतील? ताटात कापडांचा ढीग झाला. लग्नानंतर मी चार दिवस चरोद्याला गेले, आणि परत आले तेव्हा विमल सासरी गेलेली होती. मावशीने मला कौतुकाने सांगितलं, "पाय, किती केलं लोकाइनं! एक बी तुकडा वाया नाई जाऊ देल्ला. समदं मास्टरकडून शिवून देल्लं तिच्यासंगं. हटवारीनबाईचं लाल तं असं उठून दिसे! म्या सांगतलं तिले, पैल्या दिवशी हेच घालजो."

मला त्या लाल ताग्याची खळ आठवली. पण पेटी नागपूरला पोहोचली होती.

विमल पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ते लाल पोलकं धुऊन घडी करून घेऊनच आली. म्हणजे लाल राहिलं नव्हतं. पाठीवर शिवण उसवली नव्हती, कापडच विरलं होतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी धागे सुटून आरपार दिसत होतं. आणि त्याचा रंग गेला होता तो सासरच्या बादलीत. त्याच बादलीत सासऱ्यांचं धोतर होतं आणि तिचं लग्नातलं पांढरं पातळ. पातळ तिने दाखवलं. त्याच्यावर जागोजागी गुलाबी डाग पडले होते.

"सासू काय म्हने?" मावशीने विचारलं.

विमल खाली बघून म्हणाली, "म्हने, तुमच्या भिलाईत लोखंड पक्कं बनवते. कापडाचा रंग कावून कच्चा?"

मावशी बराच वेळ त्या पोलक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तूनंच इकलं असन नं हे?"

"हो."

"मंग खरं सांग. ते बाई साऱ्याइले असंच देते का आपल्यालेच देल्लं?"

"सगळ्यांनाच देतात, मावशी. आहेराचं म्हणून वेगळंच कापड असतं. ते कोणी घालत नाही. पुढे देऊन टाकतात. काकूंनी नणंदेला पण हेच..."

"घालत नाई?" मावशी म्हणाली. "मंग देते कावून?"

रीत आहे म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण जी रीत आपण सोडली तिचा हिशेब मावशीला कोणत्या तोंडाने सांगायचा? ती एवढंच म्हणाली, "तू शिकलेली हायस. तुले आमी दोघीबी बऱ्या रायल्या पायजे. म्या वळखली तिच्यापाशी माह्यी काय जागा हाय ते." दुसऱ्या दिवशी तिने आपले कपडे तारेच्या गाठीच्या अलीकडे दाटीवाटीने वाळत घातले. पलीकडचे कपडे धुळीत राहिले.

काकूंनी मला बाजारातच गाठलं. "काय झालं वो तुह्या मावशीले? बोलून नाई रायली. मी आवाज देतो तं पानी भराले निंगून जाते." मी सांगितलं. पोलक्याचं, बादलीचं, पातळाचं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"शिवलं?" त्या म्हणाल्या. "बाप्पा! आहेराचं शिवलं? आहेराचं कोनी शिवते का?"

आजूबाजूच्या दोघी हसल्या. काकूही हसायला लागल्या होत्या, पण मधेच थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना तेव्हा कळलं असावं की ज्यांनी शिवलं त्यांनी ते कापड आपलं मानलं होतं, आणि तसं त्यांच्या दिलेल्या कापडाला आजवर कोणीच मानलं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्या काउंटरवर आल्या. चप्पल घासत, कोणी ओळखीचं नाही हे बघून. "घालाचं दाखव," म्हणाल्या. "इमलसाठी. एकदम पक्कं."

मी एकेक तागा काढत गेले. कोणी असं कापड पारखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू मुठीत चुरगाळून बघत, उलट्या बाजूने बघत, ओला अंगठा रंगावर घासत. हिरवं नको, रंग जाईन. निळं नको, जाईन. पिवळं नको. शेवटी त्यांनी स्वतःच वरच्या फळीकडे बोट केलं. पांढऱ्या वॉयलचा तागा होता तिथे, विणीतच बारीक ठिपके असलेला, भांडारात आला त्यातला सगळ्यांत चांगला.

"काकू, पांढरं?" मी न राहवून विचारलं. सवाशिणीला पांढरं देत नाहीत, हे मला काउंटरवर कितीतरी जणींनी शिकवलं होतं.

"आमच्यात नाई देत," काकू म्हणाल्या. "पन तुमच्यात तं नवरी पांढरंच नेसते नं? म्या पायलं नं इमलच्या लग्नात. अन् रंगच नाई, तं जाईन काय?" असं म्हणून त्या हसल्या, आणि लगेच घाबरल्याही. "चालन नं वो? पाप तं नाई लागन? माह्यी सासू असती तं मले घराबाहीर काढली असती."

"चालेल," मी म्हटलं. कापड इतकं मऊ होतं की टर्रकन फाडवेना. मी शेवटी कात्री घेतली.

काकूंनी ते मावशीच्या हातात दिलं तेव्हा मी घरात होते. काकू एवढंच म्हणाल्या, "इमलले शिवून दे." मावशीने "व्हय" म्हटलं, पाणी दिलं, पिढा पुढे केला नाही. काकू गेल्यावर तिने कागदाची घडी थोडी उकलली, पांढरं दिसलं, आणि तशीच मिटली.

"पाय," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "त्याइच्यात पांढरं कोनाले देते, तुले मालूम हाय नं? माह्यी पोरगी नुकती नांदाले गेली."

मी सांगितलं. काकूंनी कसं निवडलं, अंगठा ओला करून कसं घासलं, रंग नाही तर जाईल काय, सगळं सांगितलं. पण ते सांगताना माझं मराठी मला पुरेना. दुकानात ऐकलं तेव्हा ते वाक्य जसं होतं तसं माझ्या तोंडून निघालंच नाही. मी एखाद्या गिऱ्हाइकाची बाजू मांडल्यासारखं झालं. मावशी म्हणाली, "असन," आणि पेटी उघडून कागद तळाशी ठेवून दिला.

त्यानंतर कितीतरी दिवस काकू मागच्या दारात उभ्या राहून तारेकडे बघायच्या. विमल माहेरी आली की जास्तच. तारेवर पांढरं काही दिसलं की मान पुढे करायच्या. तो टॉवेल असायचा किंवा मावशीच्या यजमानांचं बनियन. मी मान खाली घालून जात होते.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी तुकडे घेणं तेव्हाच बंद केलं. एका सुट्टीला पेटी उपसली. त्यातलं एकही कापड मी कोणासाठी म्हणून घेतलं नव्हतं, स्वतःसाठीसुद्धा नाही. नुसतं समोर होतं म्हणून घेतलं होतं. बरेचसे तुकडे जोडून आईने दोन गोधड्या शिवल्या. आता काही घेण्याआधी मी ते अंगावर कुठे, कशाला, कशासोबत असेल ते डोळ्यांपुढे आणते, आणि आणता आलं नाही तर घडी परत फळीवर ठेवते. देतानाही तेच. हे मी मोठं व्रत म्हणून सांगत नाही. कापड विकणारीला एवढं कळायला इतका वेळ लागला, याचं वाईट वाटतं. आणि ज्यांना देण्यातला हा फरक सगळ्यांत उशिरा पण सगळ्यांत पुरा कळला, त्या काकूंचं कापड तर पेटीच्या तळाशीच होतं.

क्वार्टरांच्या पुढच्या रांगेतल्या रामटेकेंच्या मुलीचं लग्न निघालं. तेही आमच्यातलेच. आम्ही सगळ्या गेलो, काकूही आल्या. बायका एकेक पुढे होऊन नवरीजवळच्या ताटात कापड ठेवत होत्या. मावशीने पदराआडून काढून जे ठेवलं त्याचा कागद मी लगेच ओळखला. भांडाराचाच होता, घड्यांवर पिवळा पडलेला. मावशी एवढ्या दिवसांत आहेराची रीत शिकली होती.

काकू तिच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आपला आहेर ठेवायला हात पुढे केला, आणि तो हात त्या कागदावर थांबला. वरची घडी सुटली होती. काकूंनी मावशीकडे पाहिलं नाही. त्यांनी ते कापड उचललं आणि सगळ्यांसमोर पुरतं उलगडलं. दारातून उजेड येत होता. कापडातून तो पलीकडे गेला, आणि विणीतले ठिपके नवरीच्या पांढऱ्या पातळावर उमटल्यासारखे दिसले.

"हे शिव बरं पोरी," काकू म्हणाल्या. "पेटीत नोको टाकू. हे देयाचं नोहे, घालाचं हाय."

"ऐका वो!" नवरीची आई हसून म्हणाली. "हटवारीनबाई आहेराचं शिवाले लावते!" ताटाभोवतीच्या सगळ्या हसल्या. नवरीही हसली.

मावशी हसली नाही. ते कापड तिने आजवर कधी उलगडून पाहिलंच नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे आला, तिने काठ दोन बोटांत धरला, अंगठ्याने हळूच चोळला. मग तिच्या लक्षात आलं असावं की ते आता तिचं नाही. तिने काठ सोडला. नवरीच्या आईने कापड काकूंच्या हातातून घेतलं, झटकन चौघडी केली आणि ताटातल्या इतर तुकड्यांच्या खाली सरकवलं.